कोठडीतले पाहुणे

कोठडी बंद होती. कुलूप शाबूत होतं आणि किल्ली शिस्तरावाच्या पोटातल्या खणात होती. तरीही आतले सगळे कैदी गायब होते, आणि त्यांच्या जागी भलतीच मंडळी बसली होती.

"कैदी फरार, आणि माझी मान खाली," शिस्तराव म्हणाला. मान त्याने खरोखरच खाली घातली. तिचा स्क्रू ढिला असल्यामुळे ती परत वर करायला चारूला मदत करावी लागली.

शिस्तराव हा मंगळावरच्या वसाहतीतला यंत्रमानव. काचेच्या घुमटाखालची बाग तो राखायचा. चारूचा जन्म मंगळावरचाच, त्यामुळे जिवंत किडा तिने कधी पाहिलाच नव्हता. तिने बागेत पपईची दोन झाडं वाढवली होती, एक नर, एक मादी. पण मादीची फुलं नुसती गळून जायची. वसाहतीच्या प्रमुख कुमुदकाकूंनी बजावलं होतं, "या खेपेला फळ धरलं नाही तर झाडं काढायची आणि पालक लावायचा." वसाहतीत सकाळी पालक असायचा, दुपारी पालक असायचा, आणि रात्री बदल म्हणून पालकाचं सूप.

तेवढ्यात तिचे आजोबा, आप्पा, आत आले. ते कीटकशास्त्रज्ञ (किड्यांचा अभ्यास करणारे) होते आणि दूरच्या घुमटातलं काम संपवून दीड महिन्याने आजच परतले होते.

"काय रे, माझे पतंग आले का?" त्यांनी विचारलं.

जाताना ते शिस्तरावाला सांगून गेले होते, "बागेत पतंग येतील. फुलपाखरांचे अंधारात हिंडणारे भाऊबंद. त्यांचं नीट स्वागत कर." तेव्हापासून तो रोज साखरपाण्याची वाटी घेऊन दाराशी उभा राहायचा.

"पाहुणे आले नाहीत, चोर आले," शिस्तराव म्हणाला. "हिरवे, लठ्ठ, डोक्यामागे दोन निळे ठिपके. तगरीची पानं फस्त करत होते. पानं खाणाऱ्याला पकड, असा काकूंचा हुकूम. म्हणून या पेटीत कोंडले. पण कैद्याला उपाशी ठेवू नये, म्हणून रोज ताजी तगर दिली. झोपायला माती दिली. मग एक दिवस सगळ्यांनी जेवण टाकलं, रंग काळवंडला आणि मातीत तोंड लपवलं. मला वाटलं, पश्चात्ताप झाला."

आप्पा हसता हसता खालीच बसले. मग त्यांनी पेटीतली माती उकरून एक तपकिरी, पोकळ टरफल चारूच्या हातावर ठेवलं.

"हा रिकामा कोष (अळीचा पतंग होताना तिच्याभोवती असलेलं कवच). मी तगरीच्या पानांवर पृथ्वीवरून मागवलेली अंडी चिकटवून गेलो होतो. अंड्यातून अळी निघाली. खाणं हाच तिचा उद्योग. पोटभर खाऊन झालं की ती मातीत शिरते आणि तिचा कोष होतो. आत तिचं जुनं शरीर बरंचसं विरघळतं आणि नवं घडतं, पंख आणि लांब सोंडेसकट. याला रूपांतरण (एक रूप जाऊन दुसरं येणं) म्हणतात."

चारूने पेटीत पाहिलं. जाळीला हिरवे-गुलाबी पतंग लटकले होते. "म्हणजे चोर आणि पाहुणे एकच?"

"एकच. आणि पपईला तेच हवेत. तिच्या फुलांना संध्याकाळी वास सुटतो. पतंग सोंडेने मध प्यायला येतो, तेव्हा नर फुलाचे परागकण (फुलातली बारीक भुकटी) त्याला चिकटतात. ते मादी फुलात पोहोचले की फळ धरतं."

"मी पाहुण्यांना डांबून ठेवलं," शिस्तराव म्हणाला. त्याचा आवाज इतका केविलवाणा होता की चारूला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

"त्यांना रोज जेवू घातलंस, म्हणून तर ते आज आहेत," ती म्हणाली. "उघड कुलूप."

घुमटातले दिवे मंद झाले तसे पतंग पपईकडे झेपावले. शिस्तराव वाटी घेऊन मागोमाग धावला, पण साखरपाण्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

पुढे पपई धरली, वाढली आणि पिकली. पहिली फोड काकूंना मिळाली. त्या डोळे मिटून खात राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "आप्पा, आंब्याला कोण लागतं हो?"

"मुख्यतः माश्या," आप्पा म्हणाले.

काकूंनी क्षणभर विचार केला. "मागवा," त्या म्हणाल्या. जाता जाता त्यांची नजर तगरीकडे गेली. पानांची पार चाळण झाली होती. त्या ओरडणार, इतक्यात झाडाआडून शिस्तराव पुढे आला आणि त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, काकू. पाहुण्यांची मुलं जेवताहेत."