कुमारमामाचा अंधारा किल्ला

"अण्णा, चिमूटभर टाका, मूठभर नको," कुमारमामा म्हणेपर्यंत महारुद्र आजोबांनी मूठ उधळलीसुद्धा.

खंडेनवमीला सगळं परंडा गाव यंत्रांना कुंकू लावतं. आजोबांचं घर धनगराचं. तिथं कुंकू नाही, बिरदेवाचा पिवळाधमक भंडारा. लोकर कातरायच्या कात्रीवर भंडारा, मोटरसायकलवर भंडारा आणि मामाच्या जुनाट कॉम्प्युटरच्या पेटीवरही.

"आत जातंय ते," मामा कुरकुरला.

"जाऊ दे की. आत देव नगं व्हय?"

तुळजापूरहून सुट्टीला आलेली मोनिका आणि तिचा धाकटा भाऊ समर्थ पोट धरून हसले.

दसऱ्याला मामानं कॉम्प्युटर चालू केला. कॉलेजात असताना त्यानं स्वतः लिहिलेला खेळ त्यात होता. चित्र नाही, आवाज नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी वाक्यं उमटायची. 'तू किल्ल्याच्या दारात आहेस. आत अंधार आहे. काय करतोस?' मग आपण लिहायचं, 'आत जा' किंवा 'दिवा उचल'. खेळात विहीर आली की सगळ्या मित्रांच्या अंगावर काटा यायचा, हे सांगताना मामा स्वतःच कॉलेजातला पोरगा झाला होता.

पण गल्लीतली पोरं जमली होती, आणि मोनिकाला त्यांच्यासमोर भाव खायचा होता.

"मामा, हा गेम आहे का शाळेतला धडा?"

पोरं हसली. तिला आणखी जोर चढला. तिनं लिहिलं, 'म्हाताऱ्या, झोप आता.' पडद्यावर उत्तर आलं, 'मला कळलं नाही. पुन्हा सांग.' पोरं खिदळत सुटली. मामाही हसला, जरा उशिरा. मग त्यानं बटण बंद केलं.

सकाळी टेबलावर नुसता पडदा. पेटी गायब! टेबलभर भंडारा आणि मधे तेवढा चौकोन स्वच्छ. आजोबांनी चोराच्या नावानं शिव्या घातल्या. जुनंच होतं, जाऊ द्या, म्हणत मामा बाहेर पडला.

मोनिकाला मात्र चेव आला. चोर पकडायचाच. अंगणात पिवळे ठिपके पडले होते. त्यांचा माग काढत दोघं थेट स्टँडामागच्या बंडप्पाच्या भंगार दुकानात पोचले. तो सोलापूरला जायचा टेम्पो भरत होता.

"आमचा चोरीचा कॉम्प्युटर द्या," मोनिकानं ऐटीत सांगितलं.

बंडप्पानं हातातली तार खाली ठेवली. "चोरीचा? तुझ्या मामानंच आणून दिला की, बाय. म्हणला, पोरं हसत्यात, आता कशाला ठिवू."

समर्थनं बहिणीकडं पाहिलं. मोनिकाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. चोर सापडला होता.

"परत द्या ना, काका." आवाज एवढासा झाला.

बंडप्पा म्हणाला, इथल्या कॉम्प्युटरच्या पेट्या सगळ्या सारख्या, वरून पुसूनही काढल्यात, ओळखून दाखवा नाहीतर वाट सोडा. पोरांना हे जमायचं नाही, अशी त्याची खात्रीच होती. मोनिका उकिडवी बसली. खरंच, सगळ्या सारख्याच. कडेला राहिलेलं कुंकू तेवढं इथंतिथं लाल दिसत होतं. आणि तिला आजोबांची मूठ आठवली.

"समर्थ, मागच्या जाळीत फुंकर मार. जोरात."

पहिल्या पेटीतून काळी धूळ. दुसरीतून झुरळ. तिसरीतून पिवळा ढग! समर्थ हळद लागलेल्या नवरदेवासारखा दिसायला लागला. बंडप्पा इतका हसला, की त्यानं पेटी टेम्पोतून घरपोच सोडली.

"वाघीण हाय माझी नात," आजोबा गल्लीला ऐकवत होते. "चोराच्या हातनं सोडवून आणलं!" पोरं पुन्हा जमली. मोनिकाची मान काही वर होईना.

मामानं भंडारा झटकला, वायर जोडली आणि तिला खुर्ची दिली.

'तू किल्ल्याच्या दारात आहेस. आत अंधार आहे. काय करतोस?'

मोनिकानं लिहिलं, 'चुकलं माझं.'

'मला कळलं नाही. पुन्हा सांग.'

मोनिका खुर्चीतून उठली आणि मागं वळली. आजोबा, समर्थ, दारातली पोरं, सगळे बघत होते.

"मामा, चुकलं माझं," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मामानं शेजारी स्टूल ओढलं.

"आधी दिवा उचल," तो म्हणाला. "पुढं विहीर हाय."