पवार मॅडमच्या मैदानातला वाघ

डिसेंबरातली पहाट. साडेपाच वाजले होते. अर्पिता पवारनं कॉलेजच्या बास्केटबॉल मैदानाचं फाटक ढकललं आणि तिचा पाय जागीच थिजला.

मैदानाच्या मागच्या रेषेवर, धुक्यात, काहीतरी चार पायांवर उभं होतं. खाकी रंगाचं. मान खाली घालून माती हुंगत होतं.

त्या रेषेला लागूनच डोक्याएवढी तूर. तुरीमागं आणखी तूर, आणि तिच्यामागं थेट जंगल.

अर्पितानं गळ्यातली शिट्टी तोंडात धरली. या शिट्टीबद्दल पांढरकवड्यात काय काय सांगतात! हैदराबादकडं निघालेल्या एका ट्रकवाल्यानं म्हणे ती ऐकून हायवेवर करकचून ब्रेक मारला आणि लायसन काढून हातात धरलं. खोटं वाटत असेल तर जाऊन पाहा, तो अजून तिथंच उभा आहे. पण त्या पहाटे शिट्टीतून नुसती वाफ निघाली. दुसऱ्या दमात ती वाजली… आणि ते खाकी जनावर दोन पायांवर उभं राहिलं.

“हळू, मॅडम. काच सुटली असती ना हातातून.”

तिशीतला माणूस. वनरक्षकाचा गणवेश, हातात काचेचा तुकडा, कानावर स्केचपेन.

“मी तुमाले वाघ समजली,” अर्पिता म्हणाली.

“मीबी तुमाले तेच समजलो. म्हटलं, शिट्टी वाजवणारा वाघ निघाला, आता आपलं काही खरं नाही.” तो हसला. हसताना त्याचा एक गाल खोल जायचा, दुसरा नाही. “देवीलाल चव्हाण. नवीन आलो बीटवर.”

“देवीलाल? आजोबाचं नाव चोरलं का?”

“चोरलं नाही. आजोबा गेले, नाव घरातच पडून होतं… याडीनं मले देऊन टाकलं.”

याडी म्हणजे आई. म्हणजे हाही बंजारा तांड्यावरचाच, आपल्यासारखा. अर्पितानं ओठांवर आलेलं हसू मफलरात दडवलं. पण तो आता हसत नव्हता. त्यानं बोटानं खाली दाखवलं.

ओल्या मातीत एक ठसा. मागं रुंद गादी, पुढं चार बोटं. शेजारी तसाच दुसरा.

“पिल्लू हाये,” देवीलाल हळूच म्हणाला. “दीड-एक वर्षाचं.”

“मंग… आई?”

त्यानं तुरीकडं पाहिलं. तूर हलली. वाऱ्यानं हलली असेल. त्या पहाटे वारा नव्हता, एवढंच.

*

त्याच सकाळी ते ठसे नंदाबाईनंही पाहिले. ती मैदानाकडेला बकऱ्या चारायची. तिनं सांगितलं दोन पिल्लांचं. दुपारपर्यंत मोबाइलवर सात झाली. संध्याकाळी चौदा पिल्लं आणि त्यांची आई बसस्टँडच्या मागं बसलेली लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. दुसऱ्या दिवशी एक जण तर म्हणाला, वाघिणीनं त्याला यवतमाळची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.

लोक हसत होते, पण दारं लवकर लावून घेत होते. आणि पवार मॅडमच्या बारा पोरींपैकी सरावाला आता तिघीच येत होत्या.

अर्पिताला या टीमनं काय दिलं होतं आणि काय घेतलं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक. तांड्यावर बाभळीच्या फांदीला टोपलं बांधून ती बॉल टाकायला शिकली. विद्यापीठाच्या संघातून खेळली, अमरावतीला शिकली आणि चार वर्षांपूर्वी या कॉलेजात मुलींची पहिली प्रशिक्षक म्हणून आली. दर वेळी अकरा महिन्यांची ऑर्डर. पहिल्या वर्षी एकसष्ट-तीन असा मार खाल्ला, आणि ते तीन पॉइंटही म्हणे समोरच्या पोरीला कीव येऊन मिळाले. दुसऱ्या वर्षी हरल्या, पण पोरी रडल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी एक मॅच जिंकल्या. आणि यंदा प्राचार्यांनी चष्मा पुसत सांगितलं होतं, “मॅडम, पहिली फेरी पार केली तर टीम राहील, तुम्हीही राहाल. नाही तर त्या जागेवर पार्किंग करायचं ठरलंय.”

आता वाघाचं निघाल्यावर त्यांनी चष्मा पुसलाही नाही. “वनखात्याचं पत्र आणा, वाघ नाही म्हणून. शुक्रवारपर्यंत. नाही आलं तर टीमचं नाव पाठवत नाही. उद्या एखाद्या पोरीला काही झालं तर कोण उत्तर देणार?”

अर्पितालाही रात्री हाच प्रश्न पडायचा. पहाटे पोरी धावत असताना ती मोजत राहायची. एक, दोन, तीन. पुन्हा एक, दोन, तीन. धुकं मध्ये आलं आणि दोनच दिसल्या की ती शिट्टी तोंडात धरायची.

*

देवीलाल रोज येऊ लागला. हातात काठी. पोरींचा सराव होईपर्यंत मागच्या रेषेपासून बरंच अंतर राखून, तुरीकडं तोंड करून तो उभा राहायचा. सराव संपला की ठशांवर काच धरून स्केचपेननं नवे ठसे उतरवून घ्यायचा. ठसे रोज नवे. कधी चार, कधी सहा.

“एक समजत नाही,” तो म्हणाला. “जोडीनंच उमटते. पुढचेच पाय. मागचे दिसतच नाहीत.”

“मंग मागचे कुठी हायेत?”

“तुरीत असतील. पुढचे पाय मैदानात, मागचे तुरीत. म्हणजे… उभं राहून पाह्यत असतील.”

“काय पाह्यतील?”

“प्रॅक्टिस.”

अर्पितानं तुरीकडं पाहिलं. आपण रोज पहाटे पोरींवर ओरडतो आणि तुरीतून कुणीतरी ते शांतपणे ऐकतं…

तेवढ्यात तूर सळसळली. या वेळी खरोखरच. आधी लांब, मग जवळ, मग अगदी समोर. पोरी एकमेकींना चिकटल्या. अर्पिता त्यांच्यापुढं धावली, आणि तिच्याही पुढं कुणीतरी येऊन उभं राहिलं. देवीलाल. काठी उलटी धरलेली. आणि डोळे… डोळे त्यानं गच्च मिटून घेतले होते.

तुरीतून नंदाबाईची बकरी बाहेर आली. तिनं सगळ्यांकडं पाहिलं आणि शेंग चावत निघून गेली.

“गेला का?” देवीलालनं डोळे न उघडता विचारलं.

“गेली. दाढी होती तिले.”

पोरी हसून हसून मातीत बसल्या. अर्पिता हसली नाही. पोरी पाणी प्यायला नळाकडं गेल्यावर तिनं हळूच विचारलं, “तुमाले वाघाचं भेव लागते?”

“खूप.” तो काठीकडं पाहत म्हणाला. “लहानपणापासून. नोकरी लागली तेव्हा याडीनं पेढे वाटले अन् मी ताप काढला.”

“मंग रोज येता काहून?”

त्यानं काठी तशीच उलटी मातीत टेकवली. मग म्हणाला, “तुमची शिट्टी माझ्या क्वार्टरपर्यंत येते. एखाद्या दिवशी नाही आली तर… त्याचं जास्त भेव लागते.”

अर्पितानं शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग एकदम म्हणाली, “काठी सुलटी धरत जा.”

*

गुरुवारी पहाटे, सरावाला येणाऱ्या तिघींपैकी खुशीचे दोन फ्री-थ्रो हुकले.

पवार मॅडमचा नियम पक्का होता. एक थ्रो हुकला की दहा जोर. तेही तळहातावर नाही, अर्ध्या मुठीवर. अंगठा आत, बोटं मधून दुमडलेली, मागं तळव्याची टाच. त्यानं बोटं लोखंडी होतात आणि बॉल हातातून निसटत नाही, असं तिनं स्वतःच शोधून काढलं होतं. आणि शिक्षा भोगणाऱ्या पोरीनं खेळणाऱ्यांच्या पायात येऊ नये म्हणून मागच्या रेषेवर जायचं, पाय तुरीत, हात मैदानात. वाघाची हूल उठली तरी देवीलालच्या पहाऱ्यात हा नियम चालूच होता, आणि तो तुरीच्या शेंड्यांकडं बघायचा, पोरींच्या हातांकडं नाही.

धूळ बसावी म्हणून यंदापासून मैदानावर रोज संध्याकाळी हलकं पाणी शिंपडलेलं असायचं. पहाटे माती लोण्यासारखी मऊ.

खुशीनं वीस जोर काढले, हात झटकले, पळाली. आणि ती जिथं वाकली होती तिथं वाघाची दोन पिल्लं नुकतीच येऊन गेली होती.

अर्पिता बघतच राहिली. मग खाली बसली. स्वतःची अर्धी मूठ मातीत दाबली आणि उचलली. गादी. चार बोटं.

चौदा पिल्लं. बसस्टँडवरची वाघीण. बंद झालेली दारं. सगळी तिनंच घातली होती जन्माला, शिक्षा करून करून.

हसू यायला हवं होतं. आली ती वेगळीच भीती. देवीलालनं ठसे काचेवर उतरवून वर पाठवले होते, ‘दोन पिल्ले’ असं लिहून, खाली सही करून. जंगलात कॅमेरे लागले होते. नोकरीला वर्षही झालं नव्हतं त्याच्या. हे बाहेर आलं तर लोक त्याला पोरींच्या हाताला वाघ म्हणणारा गार्ड म्हणतील आणि साहेब त्याला घरी पाठवतील. नाही आलं, तर उद्या शुक्रवार.

ती गप्प बसू शकली असती. एक पूर्ण मिनिट तिनं गप्प बसून पाहिलंही. मग तिनं हाक मारली.

“चव्हाण साहेब… इकडं या.”

आणि त्याच्यासमोर पुन्हा मूठ दाबली.

देवीलालचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. तो तिच्या शेजारी उकिडवा बसला. खिशातून वही काढली आणि लिहू लागला. लिहून झाल्यावर कागद फाडून तिच्या हातात दिला. ठसे मुलींच्या हातांचे आहेत, ओळखण्यात चूक माझी, वाघ नाही. खाली सही.

“हे दिलं तर तुमची नोकरी जाईल,” अर्पिता म्हणाली.

“नाही दिलं तर तुमची.”

“तुमाले भेव नाही लागत?”

“हात पाहा ना.” कागद तिच्या हातात होता, तरी त्याची बोटं थरथरत होती. तिनं ती धरली. पोरी बॉल थांबवून बघत होत्या, तरी धरली.

“मीबी येते रेंजर साहेबाकडं,” ती म्हणाली. “पण कागद आधी नाही द्यायचा. आधी एक घमेलं आणा.”

*

रेंजर साहेबांच्या टेबलावर अर्पितानं ओल्या मातीचं घमेलं ठेवलं. मातीत दोन ठसे.

“साहेब, हे मैदानातून जसंच्या तसं उचलून आणलं. काय असेल?”

साहेबांनी चष्मा चढवला, पट्टी लावली, घमेलं उजेडाकडं फिरवलं. पंचवीस वर्षं जंगलात काढलेला माणूस. “मादी,” ते म्हणाले. “सोळा-सतरा महिन्यांची. डाव्या पायानं जरा लंगडते.”

देवीलालनं खिडकीबाहेर पाहिलं. हाच क्षण होता. अर्पितानं हात पुढं केला, अंगठा आत, आणि साहेबांच्या लंगड्या मादीशेजारी तिची बहीण उमटवली.

खोलीत इतकी शांतता झाली की भिंतीवरच्या पालीनंही श्वास धरला.

“बीएस्सीची पोरगी आहे, साहेब,” अर्पिता म्हणाली. “लंगडत नाही. डाव्या हातात जोर कमी हाये. त्याच्यावर मी मेहनत घेऊन राह्यली.”

साहेबांनी घमेल्याकडं पाहिलं. तिच्याकडं पाहिलं. सर्वात जास्त वेळ दाराकडं पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

“चव्हाण,” ते शेवटी म्हणाले, “दार लावा. आणि ते घमेलं… उचला इथून.”

अर्ध्या तासात पत्र मिळालं. ‘सदर ठसे वन्यप्राण्याचे नाहीत.’ कुणाचे आहेत ते पत्रात नव्हतं. देवीलालची नोकरी राहिली. पण साहेबांना रोज सकाळी त्याचं तोंड पाहणं जड जाणार होतं, म्हणून त्याची बदली मात्र झाली. मारेगावला.

*

यवतमाळच्या मैदानावर बारा पोरी उतरल्या. नऊ जणींचा सराव बुडालेला, दम लागत होता. शेवटचे चार सेकंद, दोन्हीकडं एकतीस, आणि फ्री-थ्रोच्या रेषेवर खुशी. अर्पितानं डोळे मिटून घेतले. आयुष्यात पहिल्यांदा. मिटल्यावर तिला कळलं की माणूस असं का करतो. समोरचं दिसू नये म्हणून नाही, तर पळून जायची वाटच दिसू नये म्हणून.

पोरी किंचाळल्या तेव्हा तिनं डोळे उघडले. बत्तीस.

दुसऱ्या फेरीत त्या हरल्या, चांगल्याच हरल्या. पण तो पुढचा दिवस झाला, आणि प्राचार्यांनी तोवर पार्किंगचा कागद परत कपाटात ठेवला होता.

त्या जिंकलेल्या पहिल्या मॅचनंतर पोरी भज्यांच्या गाडीवर तुटून पडल्या. देवीलाल कुंपणापाशी उभा होता. साध्या कपड्यांत, पाठीवर बॅग. संध्याकाळच्या गाडीनं मारेगावला रुजू व्हायला निघालेला.

“आता शिट्टी ऐकू नाही यायची,” तो म्हणाला.

“मारेगाव काही परदेश नाही.”

“नाही… ” त्यानं बॅगचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. “मॅडम, एक बोलायचं होतं. पण मले भेव लागून राह्यलं.”

“इथं वाघ नाही.”

“वाघाचं नाही.”

“मंग?”

“तुमी नाही म्हणाल याचं.”

अर्पितानं त्याच्याकडं पाहिलं. ही टीम, हे मैदान, ही अकरा महिन्यांची ऑर्डर, एवढंच काय ते तिनं आजवर गमवायला जवळ ठेवलं होतं. आता त्यात हा माणूसही आला होता.

“अन् मी हो म्हणली तर?” तिनं विचारलं. “त्याचं नाही लागत?”

खरं तेच सांगायची त्याला खोड होती.

“त्याचं जास्त लागते,” तो म्हणाला.

“मलेबी,” अर्पिता म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावरची बॅग सरळ केली. “मंग भ्या आता. मी हो म्हणून राह्यली.”