व्हर्जिलचे हात

"हात पसर बघू, पोरा... अगदी विमानासारखे!" कोच हॅलोरन म्हणाले आणि कोटाच्या खिशातून मापायची टेप काढून गालिच्यावर उभे राहिले. डॅरिल लाजत लाजत भिंतीला पाठ लावून उभा राहिला. त्याच्या उजव्या हाताची बोटं खिडकीच्या पडद्याला लागली, डाव्याची थेट घड्याळापर्यंत पोहोचली, आणि सोफ्याच्या कडेला चर्चला जायच्या पोशाखात बसलेली त्याची आई ओपल कितीतरी वर्षांनी मनापासून हसली.

"उंचीपेक्षा हातच पाच इंच जास्त!" हॅलोरननी शीळ घातली. "बाई, मी वीस वर्षं गावोगाव मुलं बघत फिरतोय. उडी शिकवता येते, नेम शिकवता येतो... असे हात शिकवता येत नाहीत. हे वरूनच यावे लागतात."

"वडिलांचे आहेत," ओपल अभिमानाने म्हणाली. "माझ्या व्हर्जिलचे. दगडाच्या कारखान्यात त्याला सगळे क्रेनच म्हणायचे."

पर्सिमनच्या रानफळांच्या पुडिंगचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आलेली डॅरिलची मोठी बहीण लोर्ना तिथेच थबकली. गरम ट्रेचा चटका फडक्यातून बोटांना बसत होता, पण तिला तो जाणवलाच नाही.

हॅलोरननी दोनदा मागून पुडिंग खाल्लं. त्यांच्या मोठ्या विद्यापीठात डॅरिलला बास्केटबॉलच्या संघात फॉरवर्ड म्हणून कसं तयार करणार, राहण्याजेवण्याची, शिक्षणाची चार वर्षांची काळजी कशी मिटणार, ते त्यांनी सांगितलं. पुढच्या बुधवारी शाळेच्या जिममध्ये करारावर सह्या, बँड, फोटो! आणि उठता उठता, प्रत्येक घरी विचारत असतील तसं, त्यांनी हसून विचारलं, "मला माहीत असायला हवं असं आणखी काही?"

ओपलने मान हलवली. "काही नाही."

लोर्ना रिकाम्या बशा गोळा करत राहिली.

दोन वर्षांपूर्वी कुणी असं काही म्हटलं असतं तर अख्खं गाव हसलं असतं. डॅरिल वर्गात सगळ्यांत बुटका. शाळेच्या कोच प्रुइटनी त्याला संघात ठेवलं ते दयेपोटी, बाकावर बसायला आणि पाण्याच्या बाटल्या भरायला. पण लोर्ना रोज सकाळी वृद्धाश्रमाच्या धोबीखान्यात कामाला जायच्या आधी त्याला चर्चमागच्या बास्केटपाशी न्यायची. तो नेम धरायचा, ती पळत जाऊन बॉल आणून द्यायची. थंडीत दोघांच्या तोंडातून वाफा यायच्या. "जो, मी कधी वाढणारच नाही का गं?" तो विचारायचा; लहानपणापासून तो तिला जोच म्हणायचा. आणि मग सोळाव्या वर्षी तो वाढायला लागला... असा वाढला की विजारी एका हंगामात आखूड व्हायच्या! न्हाव्याने दुकानाच्या चौकटीवर त्याच्या उंचीच्या खुणा करायला सुरुवात केली. पाद्रीबाबांनी प्रवचनात उल्लेख केला. किराणावाली मिसेस टॅकेट विचारायची, "ओपल, पोराला खायला काय घालतेस गं? मला पण सांग, माझा नवरा जरा वाढू दे."

दक्षिण इंडियानातल्या त्या गावात, जिथे जिममधल्या खुर्च्या गावातल्या माणसांपेक्षा जास्त होत्या, तिथे उंच होणं हा आजार असू शकतो हे कुणाच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. उद्या शेतातलं कणीस हातभर लांब आलं तर त्याला कुणी रोग म्हणेल का?

पण लोर्नाला हॉस्पिटलचा तो व्हरांडा आठवत होता. जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडता उघडता, व्हर्जिल दगडांच्या ढिगाशेजारी कोसळला होता, आणि तरुण डॉक्टर हळू आवाजात सांगत होता, "त्यांची महाधमनी आतून फाटली. हा दोष रक्तातून उतरतो. अशा माणसांची हाडं लांब वाढतात, हात उंचीला पुरून उरतात... मुलं तशी वाढायला लागली तर लगेच तपासून घ्या." ओपलने तेव्हा कोपऱ्यात पेंगुळलेल्या, चिमणीएवढ्या डॅरिलकडे बघून सुस्कारा टाकला होता. "हा माझ्यावर गेलाय," ती म्हणाली होती. "देवाची कृपा!"

हॅलोरनची गाडी वळणाआड गेली तशी लोर्नाने नळ बंद केला.

"आई, डॉक्टर काय म्हणाले होते ते तुला आठवतंय."

ओपलचा हात बशीवरच थांबला. "आज नको, लोर्ना."

"मग कधी? बुधवारनंतर?"

"शाळेच्या डॉक्टरांनी त्याला तपासलंय! छातीला नळी लावून तपासलंय! घोड्यासारखं ठणठणीत पोर आहे माझं."

"त्या नळीने बाबांचंही काही कळलं नव्हतं."

"पुरे!" ओपलने बशी इतक्या जोरात ठेवली की तिचा टवका उडाला. "तुझा बाप ती धूळ खात मेला. तुझे आजोबा तीच धूळ खात मेले. या घरातलं एक माणूस... एकच, लोर्ना! त्या कारखान्याच्या फाटकातून आत न जाता जगणार आहे, आणि तुला तेही बघवत नाही? तुझं नर्सिंग राहिलं, तुझं लग्न राहिलं, म्हणून याचंही राहू दे?"

लोर्नाने उडालेला टवका उचलला. नर्सिंग सोडलं ते व्हर्जिल गेल्यावर घर चालावं म्हणून, हे आईला माहीत होतं. माहीत असूनही ती बोलली होती, आणि बोलल्यावर आपण काय बोललो ते तिच्याच डोळ्यांत उमटलं होतं. पण तिने शब्द मागे घेतला नाही.

डॅरिल जिन्यावर उभा राहून सगळं ऐकत होता. लोर्ना वर गेली तेव्हा तो पलंगावर बसला होता, पाय पार दारापर्यंत लांबलेले.

"जो," तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "कधीकधी काहीतरी होतं मला. इथे. पळालं की."

ती त्याच्या शेजारी बसली. "कधीपासून?"

"ते सोड ना! एकदा सह्या होऊ देत, मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो. आईची शपथ. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला मागतंय गं... फक्त बुधवारपर्यंत गप्प बस. एवढं तरी करशील ना माझ्यासाठी?"

ज्या पोराच्या एकेका नेमासाठी तिने जिवाचं रान केलं होतं, त्याने आजवर तिच्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट होती. लोर्नाने त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि उत्तर न देता ती खोलीबाहेर आली.

दुसऱ्या दिवशी हॅलोरन संघाचा सराव बघून शाळेबाहेर आले, तेव्हा ती त्यांच्या गाडीशी उभी होती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी टोपी काढून हातात फिरवत म्हणाले, "तपासणीत काही निघालं तर मी त्याला घेऊ शकणार नाही. ती जागा खेळणाऱ्याची आहे. तुम्हाला कळतंय ना, ताई, तुम्ही काय करताय ते?"

"कळतंय."

"तो तुम्हाला माफ करणार नाही."

"जिवंत राहून न करू दे," लोर्ना म्हणाली, आणि मग तिथेच, विद्यार्थ्यांच्या गाड्यांच्या रांगेत, तिला रडू फुटलं.

विद्यापीठाच्या हॉस्पिटलात तपासणी झाली. पडद्यावर डॅरिलचं हृदय धडधडत होतं, आणि त्यातून निघणारी ती मोठी नळी, जी एकसारखी असायला हवी, ती फुग्यासारखी फुगली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, खेळ आजपासून बंद. ऑपरेशन लवकर करायला हवं. डॅरिल शर्ट घालून बाहेर निघून गेला, ओपल त्याच्या मागे धावली. लोर्नाही निघाली होती, पण डॉक्टरबाईंची नजर तिच्या उंचीवर, तिच्या हातांवर थांबली.

"तुम्हीही जरा झोपता का इथे?" त्या म्हणाल्या.

त्याच टेबलावर, भावाच्या अंगाची ऊब अजून निवली नव्हती अशा चादरीवर, लोर्ना झोपली. पडद्यावर तोच आकार दिसला. डॅरिलइतका मोठा नाही, पण तोच. ती बाहेर आली तेव्हा गाडीत दोघं मागे बसली होती. तिने गाडी चालवायला घेतली. घर येईपर्यंत कुणी तोंड उघडलं नाही... आणि पुढेही, तिला काही सांगावंसं वाटेल असा एकही शब्द त्या घरात तिच्याशी कुणी बोललं नाही.

गाव मात्र बोललं! त्या हिवाळ्यात संघ पहिल्याच फेरीत हरला. सख्ख्या भावाच्या अन्नात माती कालवली, म्हणे. मिसेस टॅकेट तिचं सामान पिशवीत न भरता तसंच पुढे सरकवायची. न्हाव्याने चौकट रंगवून टाकली. डॅरिल ऑपरेशनचं नावही काढू देईना. "छाती फाडून घेऊन मी काय करू? धोबीखान्यात चादरी धुऊ, तुझ्यासारखा?" एवढंच एक वाक्य तो तिच्याशी बोलला.

उन्हाळा संपत आला असताना एके दिवशी ती कामावरून घरी आली, तर त्याची खोली रिकामी होती.

"मिसुरीला गेला, माझ्या भावाकडे," ओपल पाठमोरीच म्हणाली. "तिथल्या छोट्या कॉलेजने घेतलाय त्याला. ते फक्त उंची विचारतात."

"आई... तू पाठवलंस त्याला?"

"झुरून मरत होता इथे! आरशासमोर बसायचा नुसता. मी आई आहे त्याची, मला बघवलं नाही."

लोर्नाने त्या कॉलेजच्या कोचला फोन लावला. पलीकडचा माणूस कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "हो हो, बहीणच ना? त्याने आधीच सांगितलंय. तुम्ही फोन कराल, आजार सांगाल, आधीही एक संधी घालवलीत. आमच्या डॉक्टरने बघितलंय त्याला. बाई, पोराला जगू द्या आता!" आणि फोन ठेवला. तिने पुन्हा केला, मामाला केला, डॅरिललाही केला. तिचा आवाज ऐकला की तो फोन ठेवून द्यायचा. शेवटच्या वेळी मात्र थोडा थांबला... श्वास ऐकू येत होता त्याचा.

"काल अठरा पॉइंट केले, जो," तो म्हणाला, आणि मग ठेवला.

जानेवारीत, सामना ऐन रंगात आलेला असताना, रिबाउंडसाठी, बास्केटवरून परतलेला बॉल झेलायला, उडी मारून डॅरिल खाली आला, बॉल दुसऱ्याच्या हातात दिला, आणि मैदानावर असा बसला जणू दमून बसलाय. पुन्हा उठला नाही. त्याला एकोणीस पूर्ण व्हायचे होते.

दफन झाल्यावर सगळं गाव चर्चच्या तळघरात जेवायला जमलं. बायकांनी घरोघरहून आणलं होतं: हॅम, बटाट्यावर घातलेल्या घट्ट शेवया, फळं भरून भाजलेले सात-आठ तऱ्हेचे गोड 'पाय'. लोर्ना भिंतीशी उभी राहून कॉफी ओतत होती. दुःखाच्या घरातही कामाला तीच होती. वर्षभर तिच्याकडे न बघणारी माणसं आता तिच्याकडे बघत होती, आणि हे बघणं त्या न बघण्यापेक्षा भयंकर होतं.

मिसेस टॅकेटने तिचा दंड धरला. डोळे पुसत म्हणाली, "तू बरोबर होतीस गं, लोर्ना. सगळ्यांत तूच बरोबर होतीस."

लोर्नाने किटली खाली ठेवली. बरोबर! रोज रात्री गुडघे टेकून तिने एवढंच मागितलं होतं की देवा, मला खोटी ठरव... त्याला म्हातारा होऊ दे, माझ्या तोंडावर हसू दे, गावाला माझी थट्टा करू दे. याहून क्रूर काय असणार?

"तिला नका सांगू."

खुर्च्या सरकल्या. ओपल उठून उभी होती. काळ्या पोशाखात ती एवढीशी दिसत होती.

"मला सांगा," ती म्हणाली. "हॅलोरननी विचारलं, आणखी काही आहे का. मी नाही म्हणाले. पोराची बॅग मी भरली. बसमध्ये मी बसवलं. हिने त्याला वाचवला होता, आणि मी... मी त्याला परत नेऊन दिला." तिने लोर्नाकडे हात केला. "वर्षभर या पोरीला घरात पाणी विचारलं नाही मी."

लोर्ना पुढे झाली, आईला धरून खुर्चीत बसवलं, आणि तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. तशी बसूनही तिचं डोकं ओपलच्या डोक्याच्या बरोबरीला येत होतं. ओपलने लेकीचे हात हातात घेतले. पाणावलेल्या डोळ्यांनी ती त्यांच्याकडे बघू लागली... आणि बघता बघता तिचं रडणं थांबलं. तिने एक बोट धरून सरळ केलं. मग दुसरं. मग मनगट. इतकी वर्षं याच हातांनी तिच्यापुढे ताट वाढलं होतं.

"लोर्ना," ती अगदी हळू म्हणाली, "डॉक्टर मुलं म्हणाले होते. मुलगा नव्हते म्हणाले."

लोर्नाने हात मागे ओढले; ओपलने ते सोडले नाहीत.

"तुला बघितलंय का कुणी?"

"बघितलंय."

"कधी?"

"त्याच दिवशी, आई. त्याच्यानंतर लगेच."

ओपलने डोळे मिटले. "आणि एवढे दिवस तू... एकटी... मला सांगितलं नाहीस?"

"सांगणार होते," लोर्ना म्हणाली. "गाडीत तू मागे बसली होतीस."

ओपल उठली. पाद्रीबाबा पुढे आले, कुणी पाणी आणलं, तिने सगळ्यांना हाताने बाजूला सारलं. खुंटीवरून लोर्नाचा कोट काढला, लहान पोराला घालतात तसा एकेक बाही धरून तिच्या अंगात चढवला, आणि टाचा उंचावून वरचं बटण लावलं.

"चल," ती म्हणाली. "त्या डॉक्टरबाईंकडे. आत्ता."

"आई, लोक बसलेत... आज कसं—"

"बसू देत."

बाहेर बर्फ पडून गेला होता. गाडीपाशी आल्यावर लोर्नाने सवयीने किल्ली काढली. ओपल पुढचं दार उघडून तिच्या शेजारी बसली.