लाल दोऱ्याचं मांजर

"मांजर कोणाचं?" पंजाबरावानं कानामागचा बोरू काढत विचारलं.

"मांजराचंच," जमुना म्हणाली.

झालं! दोघांचं पहिलं बोलणं हे असं.

साल कापसाच्या तेजीचं. साता समुद्रापल्याड कुठंशी लढाई जुंपली आणि इकडे अमरावतीच्या कापसाला सोन्याचं मोल आलं. जमुनेच्या बापाच्या, नत्थुजीच्या, कोठारातला कापूस आढ्याला टेकला होता. उंदरांसाठी मांजर हवंच. पण त्या कार्तिकात एक पिसाळलेलं कोल्हं गावात शिरलं, दिसेल त्या जनावराला चावत सुटलं, आणि पुढं दोन माणसं तडफडून गेली. मग पौषात कचेरीनं दवंडी पिटवली. ज्याचं मांजर त्यानं नाव लिहून द्यावं, मांजराच्या गळ्यात लाल दोरा बांधावा. मोकाट दिसेल ते मारलं जाईल. आणि चावलं, तर दोरा असो नसो, जागच्या जागी मारलं जाईल.

हे लिहीत फिरायचं काम अंजनगावहून आलेल्या या कारकुनाकडं होतं. मालकाच्या जागी नत्थुजीचं नाव लिहायचं, तर यानं जमुनेचं लिहिलं. मग दोरा बांधायला वाकला... आणि नजर कुठं, तर तिच्याकडं! मांजरानं चावून त्याचं मनगट फोडलं.

त्यानं काठी उचलली. जमुना आडवी आली.

"मारू नका. मारलं तर समजन कसं?"

तिचं खरं होतं. पिसाळलेलं जनावर दहा दिवस काढत नाही, हे तिकडं पोरासोरांनाही ठाऊक. मांजर जगलं तर पंजाबराव जगणार. त्यानं काठी टाकली. वहीत 'मारले' असं लिहिलं. नोकरी जाण्याजोगी लबाडी, पण लिहिली बापड्यानं. मांजर डाल्याखाली कोंडलं, वर दगड ठेवला. वैद्यानं जखमेत तिखट भरलं आणि हात जोडले. याच्यापुढं औषध नाही म्हणाला.

पंजाबराव रोज दुपारी यायचा. आभाळ भरलेलं, कापसाचा भुरा हवेत उडतोय, आणि हा दारात उभा.

"मांजर पाह्याले आलो."

"मंग मांजराकडं पाहा ना..."

तो हसायचा. अकोल्याला बदली होणार, तिथं दोन खोल्या मिळणार, असं काहीबाही सांगत बसायचा. जमुना मान खाली घालून सरकी निवडायची, पण कान सगळे त्याच्याकडं. जीव जडला म्हणजे काय होतं, ते तिला त्या चार-पाच दिवसांत कळलं.

पाचव्या दिवशी मांजरानं दुधाला तोंड लावलं नाही. तोंडातून लाळ गळत होती, डाल्याच्या काड्या चावत होतं. सहाव्या दिवशी सकाळी ते ताठ होऊन पडलं होतं.

जमुना किती वेळ तशीच बसून राहिली. तिला रडायलाही येईना. सांगितलं तर काय होणार होतं? औषध तर कुठंच नव्हतं. उरलेला एकेक दिवस तो मरणाची वाट पाहत काढणार, एवढंच. तिनं उठून कोठारामागं खड्डा खणला. शेजारच्या कोठारातलं तसलंच करडं मांजर पदराखाली लपवून आणलं, त्याच्या गळ्यात लाल दोरा बांधला, डालं झाकलं. दुपारी तो आला आणि खूश होऊन गेला. मांजर त्यानं कधी नीट पाहिलं होतं!

दहाव्या दिवशी त्यानं स्वतःच्या हातानं डालं उचललं. मांजर टुणकन उडी मारून पळालं.

"वाचलो," तो म्हणाला. "जमुना... तुह्या बापाले विचारू?"

"विचारा."

"वैशाखात करू. तंवर बदलीचंही ठरते."

"वैशाखात नाई. माघातल्या पयल्या मुहूर्ताले."

पंजाबराव कानापर्यंत लाल झाला. पोरगी एवढी आसुसली असेल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. "एवढी घाई?" त्यानं हळूच विचारलं.

"हो. मले घाई आहे."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लाजेचं, असं समजून तो आणखीच सुखावला. उद्या अंजनगावला जातो, मामाला बोलणी करायला घेऊन येतो, म्हणाला.

"उद्या काहून?" जमुना म्हणाली. "आजच जा."