शेवटची दोन मिनिटं

मला भूतबित सांगता येत नाही. तरी लाइट गेली की तुम्हाला म्हातारा आठवतो. एरवी मी तासभर बडबडलो तरी कानातली बोंडं काढत नाही कुणी. आणि तो मोबाइल बंद कर आधी. काय लावलंय ते, पन्नास वर्षांतली सगळ्यात भारी प्रेमाची गाणी, दशकवार. त्याच्याचमुळे माझ्या तोंडून निघून गेलं की असली एक कॅसेट माझ्या कपाटात आहे. निघालं ते निघालं. आता सांगतो, पण मधे कुणी खोकायचंसुद्धा नाही.

ज्याच्यावर ही वेळ आली तो खोटं बोलणारा नव्हता. तेवढी हुशारीच नव्हती त्याच्यात. टेपमास्तर म्हणायचे त्याला, माझा दोस्त. स्टँडच्या मागच्या गल्लीत दुकान, दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्याने श्वास रोखायचा, एवढं. एके काळी लोक गाण्यांच्या याद्या घेऊन यायचे आणि हा कॅसेट भरून द्यायचा. आता तिथं मोबाइलची कव्हरं लटकतात. पण जुना डेक त्याने ठेवला होता, कुणाच्या जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर चढवून द्यायला.

त्याला एक खोड होती. ताटात टाकलेलं जसं आईला बघवत नाही, तशी मास्तरला कोरी टेप बघवायची नाही. शेवटच्या इंचापर्यंत भरणार. गाणं संपलं की खट् करून बटण वर, तेव्हा कुठं त्याचा जीव खाली.

एकच गिऱ्हाईक उलटं बोलायचं. वीज खात्यातला एक वायरमन. लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हा पहिल्यांदा आला. म्हणाला, "मास्तर, या दहा वर्षांतली सगळ्यात भारी प्रेमाची गाणी भर. बायकोला द्यायचीत. आणि शेवटी दोन मिनिटं कोरी ठेव."

"कोरी कशाला? अर्धं गाणं बसतं की त्यात."

"अर्ध्या गाण्यात बायको अर्धीच खूश होणार. कोरी ठेव."

मग दर दहा वर्षांनी तो येत राहिला. चार कॅसेटी झाल्या, चार दशकांच्या. दरवेळी दोघांचं भांडण. मास्तरचं मत असं की सत्तरच्या गाण्यात पोरगा परवानगी मागतो, ऐंशीच्या गाण्यात ढोल बडवतो, नव्वदच्या गाण्यात रडतो, आणि पुढं तर नुसता कानात कुजबुजतो, तेही मशीनमधून. वायरमन म्हणायचा, "गाणं भारी की नाही ते तू कोण ठरवणार? ज्याच्यावर माझी बायको पोळी करपवते ते गाणं भारी." भांडण संपायचं, यादी ठरायची, आणि शेवटी दोन मिनिटं कोरी. का, ते मास्तरने कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

वायरमन गेला. झोपेत गेला, खांबावरून नाही. त्याची बायको दवाखान्यात नर्स होती, सगळे सिस्टर म्हणायचे. तिचं हळूहळू विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या विसरली, मग माणसं, मग बोलणंच. मुलगा दुसऱ्या गावाला नोकरीत. त्याने दिवसरात्र सांभाळायला एक बाई ठेवली, आणि ती बाई रोज रात्री त्या चारांतली एक कॅसेट लावायची. ती ऐकली की सिस्टर झोपायची.

मग घरचा टेपरेकॉर्डर बिघडला. जानेवारीत मुलगा आला, तो चार कॅसेटी पिशवीत घालून मास्तरकडे.

"काका, हे सगळं एका पेनड्राइव्हवर करून द्या."

मास्तरने कॅसेटी हातात घेतल्या. कॅसेटच्या पाठीवर दोन टोकांना प्लास्टिकच्या बारीक पट्ट्या असतात. त्या असल्या तरच डेकवर भरायचं बटण दाबलं जातं. मोडल्या की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही, पुसताही येत नाही. या चारही कॅसेटींच्या पट्ट्या मोडलेल्या होत्या. मास्तरला वाटलं, शहाणा होता वायरमन, गाणी जपली.

दोन दिवसांत काम झालं. प्रत्येक कॅसेटचं शेवटचं गाणं संपलं की मास्तर डेक बंद करायचा. पुढची दोन मिनिटं कोरी, त्याला माहीत होतं. त्याने स्वतःच तर ठेवली होती.

"आणि या कॅसेटी?" त्याने विचारलं.

"टाकून द्या," मुलगा म्हणाला. "घरात आधीच पसारा आहे."

मास्तरने त्या भंगारवाल्याला दिल्या.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती सांभाळणारी बाई दुकानात आली. डोळे तांबारलेले.

"मास्तर, साहेब बोलायचे ते कुठं गेलं?"

"कोण साहेब?"

"सिस्टरचे मालक. गाणी संपली की बोलायचे ना शेवटी."

"शेवटी? शेवटी तर कोरी ठेवली होती मी," मास्तर म्हणाला.

"दोनच मिनिटं," ती म्हणाली. "दहा वर्षांत स्वतःचं काय काय चुकलं ते सांगायचे. चारी कॅसेटीत वेगळं. आणि शेवटी एकच विचारायचे, पुढची दहा वर्षं राहशील ना माझ्याबरोबर? सिस्टर 'हो' म्हणायच्या आणि झोपायच्या. रोज. मला ओळखत नाहीत, पण 'हो' म्हणायच्या."

"आणि आता?"

"आता गाणी संपतात, त्या स्पीकरकडे बघत बसतात. 'पुढे?' म्हणतात. एवढंच. पहाटेपर्यंत. घास गिळत नाहीत, मास्तर. नऊ दिवस झाले."

जाता जाता ती आणखी एक बोलली. सिस्टर शुद्धीत असताना तिला सांगायच्या की बोलून झालं की साहेब टेस्टरने त्या पट्ट्या मोडायचे, तुकडे सिस्टरच्या हातावर ठेवायचे आणि म्हणायचे, घे, आता कुणाला पुसता येणार नाही.

मास्तर तसाच भंगारवाल्याकडे धावला. तो म्हणाला, माल तर त्याच आठवड्यात गेला, दळून दाणे झाले असतील त्याचे. तरी मास्तर दोन दिवस त्या ढिगाऱ्यात हात घालत होता. मुलाला फोन केला. मुलगा म्हणाला, "काका, आईला आता कोण बोलतंय ते कळत नाही. उगाच मनाला लावून घेऊ नका." डॉक्टर सलाइन लावून गेले. मास्तर रोज संध्याकाळी त्या घरी जाऊन दारात उभा राहायचा. सिस्टर त्याच्याकडे बघायची आणि विचारायची, "पुढे?"

काय सांगणार? याच्याजवळ पुढचं होतं, आणि यानेच ते टाकलं.

मंगळवार, फेब्रुवारीची अकरा तारीख. मास्तरने शटर अर्धं खाली ओढलं. तिचा टेपरेकॉर्डर त्याने दुरुस्त केला होता. एक नवी पांढरी कॅसेट, कित्येक वर्षं कागद न फोडलेली, बाहेर काढली. सवयीने पाठीवर अंगठा फिरवला. दोन्ही पट्ट्या जागेवर. ठरवलं, चारी दशकांतली निवडक गाणी पुन्हा भरायची आणि शेवटी दोन मिनिटं कोरी ठेवायची. आवाज देता येत नाही तर निदान त्याची जागा तरी द्यावी. आधी माइक तोंडापुढे धरून पाहिला होता त्याने, आपणच विचारू म्हणून. तोंड उघडलं, मिटलं. दुसऱ्याच्या बायकोला हे कुठल्या तोंडाने विचारायचं? माइक काढून खणात टाकला.

रात्री एक वाजून अडतीस मिनिटांनी शेवटचं गाणं संपलं. मास्तरने हात मांडीवर ठेवले. टेप फिरत होती. कोरी. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोरी टेप बघवत होती.

मग डेकवरचा काटा हलला.

आवाज आत गेला की तो काटा हलतो. आवाज कुठं होता? दुकानात चिटपाखरू नव्हतं. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं.

काटा पडला. पुन्हा उठला. थोडासाच. माणूस हळू बोलतो तेवढा.

गाणी डेकमध्ये नेणारी वायर त्याने उपसली. काटा उठतच होता.

बंद करायला हात पुढे केला. बटण दाबलं. दबलं नाही. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. दगड.

मग तो खुर्चीत मागे सरकला. भिंतीला टेकला. त्याच्या पलीकडे जागाच नव्हती...

काटा उठला. पडला. बराच वेळ पडून राहिला... आणि मग एकदाच, थोडासा उठला.

खट्. बटण वर आलं.

एक वाजून चाळीस.

त्याने टेप मागे घेतली. कशाला घेतली, असं मी त्याला विचारलं होतं. म्हणाला, हात थांबेना. लावली. आधी नुसती खरखर. मग बाईचा आवाज. म्हातारा, पण स्वच्छ. सिस्टरचा.

"पुढे?"

खरखर.

"अहो... बोला ना."

खरखर.

"ऐकू येत नाही मला. आहात ना?"

खरखर...

"ऐकू येत नाही हो..."

त्याने कान स्पीकरला लावला. दुसरा आवाज शोधत होता तो. नव्हता. नुसती टेप. फिरतेय. फिरतेय...

आणि मग, अगदी शेवटी.

"हो."

खट्.

त्याच वेळी खिशातला फोन वाजला. सांभाळणारी बाई. "मास्तर, सिस्टर गेल्या. आत्ताच, पाच मिनिटं झाली."

मास्तरने विचारलं, "काही... बोलल्या?"

"ओठ हलत होते. आवाज नव्हता."

मास्तरने कॅसेट बाहेर काढली. पुन्हा सवयीने पाठीवर अंगठा फिरवला.

अंगठा खाचेत गेला.

दोन्ही पट्ट्या मोडलेल्या. तुकडे डेकमध्ये नाहीत, काउंटरवर नाहीत, जमिनीवर नाहीत. गुडघ्यांवर बसून शोधलं त्याने, उजाडेपर्यंत. मग माझ्या दारात आला, कॅसेट माझ्या हातात दिली आणि माझ्या ओट्यावर बसून राहिला. चहा दिला तर कप दोन्ही हातांत धरून बसला, प्यायला नाही. दुकान त्याने त्या दिवसापासून उघडलं नाही. मार्चमध्ये बहिणीकडे निघून गेला.

त्याच दुपारी आम्ही दोघं त्या घरी गेलो. मुलगा पोचला होता, पाहुणे होते. सांभाळणारी बाई सिस्टरचा हात नीट करत होती. मूठ घट्ट मिटलेली. तिने एकेक बोट हळूच उघडलं. तळहातावर दोन तुकडे. पांढरे. तांदळाच्या दाण्याएवढे.

मी पाहिले. या डोळ्यांनी, चष्मा लावून.

मुलगा म्हणाला, "गोळ्यांच्या पाकिटाचं काहीतरी असेल," आणि चिमटीत धरून ते कचऱ्याच्या बादलीत टाकले. मी म्हटलं, बाबा, टाकू नकोस, आधी ही कॅसेट बघ. तर चारचौघांत माझ्या तोंडाजवळ नाक आणून मला विचारतो, "काका, दुपारीच घेऊन आलात का?"

आयुष्यात थेंब घेतला नाही मी.

कॅसेट तिकडे कपाटात आहे. बघायची तर उद्या उजेडात बघा, लावायची नाही. आणि मला जी माफी येणं आहे, ती भुताकडून नाही. सिस्टरच्या त्या मुलाकडून.