सहा-चार-चार-सहा

क्योतोतल्या जुन्या मॉडेल-रेल्वेच्या दुकानात ईश्वरीने फळीवरच्या वाफेच्या इंजिनावर हात ठेवला, आणि नेमका त्याच क्षणी पलीकडून आणखी एक हात येऊन पडला. हात देखणा होता; पण कसा, अगदी हक्काने!

"आला मेला मधेच!" ती पुटपुटली. परक्या देशात मराठीचा हाच तर उपयोग. मनातलं खुशाल मोठ्याने बोलता येतं.

"मधेच नाही, अर्धा तास इथेच घुटमळतोय," समोरचा जपानी चेहरा मराठीत म्हणाला. "मी आदित. आई इथली, बाबा ठाण्याचे. त्यांच्या सगळ्या शिव्या मला येतात."

ईश्वरीचे कान तापले. हात मात्र तिने काढला नाही. पीएच.डी.ला आल्यापासून, तीन वर्षं, ती हेच शोधत होती : पुढे सहा चाकं, मधे ओढणारी चार आणि चार, मागे सहा. अमेरिकेत असलं खरं इंजिन एकच झालं. लांबलचक, वळण दिसलं की रुसणारं.

"वीस चाकं!" ती कौतुकाने म्हणाली.

"दहा. जपानात आम्ही चाकं नाही, चाकांच्या जोडीमधले आस मोजतो."

"म्हणजे अर्धंच बघता?"

"एका बाजूने बघितलं तरी कळतं... बहुतेक वेळा." आणि त्याने तिच्याकडे अंमळ जास्तच वेळ बघितलं.

दुकानदार आजोबांनी कमरेत वाकून इथल्या रिवाजाचा तोडगा सांगितला : जानकेन. दगड, कागद, कात्री. जिंकेल त्याचं इंजिन.

दगड—दगड. कात्री—कात्री. कागद—कागद. बरोबरी झाली की पुन्हा. आठव्यांदाही बरोबरी झाली, तेव्हा ईश्वरीला संशय आला. नवव्या खेपेला तिने त्याच्या बोटांवर नजर ठेवली. लबाडाची बोटं निमिषभर उशिरा उघडत होती — तिची बघून!

"चीटिंग करतोस? आणि करतोसच, तर जिंकत का नाहीस?"

आदित लालबुंद झाला. "जिंकलो तर इंजिन घेऊन जावं लागेल. हरलो तर... नुसतंच जावं लागेल."

ईश्वरीने एकदा इंजिनाकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. मग कागद दाखवला. त्यानेही कागद. तिने तो तळहात सरळ आपल्या हातात घेतला.

"हे नियमात बसत नाही," तो कसाबसा म्हणाला.

"गप रे."

आजोबा खोकं घेऊन अदबीने उभे होते. "जिंकलं कोण?"

"अजून खेळतोय," ईश्वरी म्हणाली, हात न सोडता.