मर्मसंदेश

सगळ्यांच्या मोबाइलवर एकच भोंगा वाजण्याचे दिवस सरले होते. लोक तो ऐकायचे, बंद करायचे आणि भजी तळायला घ्यायचे. म्हणून आपत्ती केंद्राने 'मर्मसंदेश' काढला होता. माणसाच्या सवयी, हौस, रुसवेफुगवे यांवरून यंत्र ताडायचं, की कुठलं वाक्य याला घराबाहेर काढेल; आणि तेवढंच वाक्य त्याला पाठवायचं.

धरणाचं पाणी सोडलं तेव्हा मंदाकिनीबाई परुळेकर पिशवी भरून दारात उभ्या होत्या. त्यांचे यजमान हेरंबराव आरामखुर्चीतून हलायला तयार नव्हते.

"अहो, उठा ना! कोपऱ्यापर्यंत पाणी आलंय."

"येऊ दे. आपल्या पायरीच्या वर कधी चढलंय?"

"मग मीही नाही जात," म्हणत त्याही बसल्या.

तेवढ्यात हेरंबरावांचा फोन किणकिणला. 'टेकडीवरच्या शाळेत सोसायटीच्या अध्यक्षाची निवड सुरू. दामले बिनविरोध.'

"दामले?" हेरंबराव ताडकन उठले आणि एकाच पायात चप्पल घालून सुटले. मंदाकिनीबाई पिशवी घेऊन मागे धावल्या. हेरंबरावांनी एकदाही वळून पाहिलं नाही.

दोघं वर पोहोचली तोवर घर खिडक्यांपर्यंत बुडालं होतं. शाळेत निवडणूक वगैरे काही नव्हतीच. पण हेरंबरावांनी असा काही धिंगाणा घातला, की वैतागून दामल्यांसकट सगळ्यांनी हात वर करून त्यांनाच अध्यक्ष करून टाकलं.

मर्मसंदेश घडवणारी शास्त्रज्ञ, डॉ. अन्वया दाबके, शाळेतच मदतीला आली होती. मंदाकिनीबाईंनी तिला गाठलं.

"चक्क थाप मारलीत की हो!"

"जीव वाचला ना, काकू? खऱ्या इशाऱ्याने निम्मी माणसंही उठत नाहीत."

"मग 'बायको तुमच्यापायी बुडेल' असं लिहायचं होतं. ते तर खरं होतं."

अन्वया घुटमळली. "यंत्राने तेही तपासलं होतं. ते उठण्याची शक्यता अकरा टक्के."

"आणि दामल्यांच्या नावाने?"

"सत्त्याण्णव."

मंदाकिनीबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. "मला का नाही काही पाठवलंत?"

"तुम्हाला एकही वाक्य लागू पडेना. ते उठले, तरच तुम्ही उठणार होता."

पलीकडे नवे अध्यक्ष हेरंबराव दामल्यांना चादरींच्या घड्या घालायला लावत होते.

"अध्यक्षपद तर मिळालं. पुढच्या पुराला त्यांना कसं उठवाल?"

"नवं वाक्य शोधावं लागेल."

"माझं ते बायकोचंच वाक्य पुन्हा घालून बघा ना. आज एवढं सगळं झालं, काही फरक पडला असेल."

अन्वयाने घालून पाहिलं. आकडा उमटला. तिने फोन पालथा ठेवला.

"काकू, चहा आणू?"